दाखल-खारीज : नांदेड-लातूरच्या सरकारी हायस्कुलांचा वाचायचा राहिलेला इतिहास

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या सरकारी हायस्कूलच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट असते आणि त्या कपाटात जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली रजिस्टरे असतात. शाळेत आलेल्या आणि शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यांत असते. या रजिस्टराला आपल्याकडे 'दाखल-खारीज' म्हणतात. दोन्ही शब्द मूळचे अरबी, फारसी-उर्दूच्या वाटेने मराठी कार्यालयात येऊन कायमचे राहिलेले. दाखल म्हणजे आत आलेला आणि खारीज म्हणजे बाहेर गेलेला. इतर प्रांतांत हेच रजिस्टर 'जनरल रजिस्टर' किंवा 'प्रवेश-निर्गम' या नावाने ओळखले जाते. आपल्याकडे मात्र जुने नाव टिकून राहिले.

वर्षानुवर्षे कोणी ढुंकून न पाहिलेल्या या रजिस्टरांना २०२३ साली एकदम महत्त्व आले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर राज्य शासनाने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसूल, जमीन, जन्म-मृत्यू आणि शाळा, सगळ्या खात्यांची जुनी दप्तरे बाहेर निघाली. दप्तरे उघडल्यावर कळले की बऱ्याच नोंदी उर्दूत आहेत, काही मोडीत आहेत, आणि कार्यालयात बसलेल्या माणसांपैकी त्या वाचता येणारे फारच थोडे आहेत. मग उर्दू वाचणाऱ्यांना हाक गेली. ज्या भाषेला पाऊणशे वर्षे 'निजामाची भाषा' म्हणून बाजूला बसवले, तिच्याच अक्षरांत शेजारच्या मराठा शेतकऱ्याच्या नातवाचा हक्क लिहून ठेवलेला होता.

आरक्षणाच्या वादात शिरण्याचे हे ठिकाण नव्हे. परंतु या निमित्ताने एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. त्या रजिस्टरांत शेजाऱ्याचा इतिहास आहे, तसा आपलाही आहे. तो आपण कधी वाचला आहे काय? मराठवाड्याच्या मुसलमानांच्या इतिहासावर लिहिताना आपण निजामाचा दरबार, रझाकार, पोलीस अ‍ॅक्शन एवढ्यांवर थांबतो. सरकारी हायस्कूल नावाच्या संस्थेने आपल्या आजोबांचे, वडिलांचे आणि आपले काय केले, हा विषय कोपऱ्यात पडून राहतो. या लेखात तोच विषय घ्यायचा आहे, आणि नांदेड व लातूर या दोन शहरांच्या आधाराने घ्यायचा आहे.

फौकानियाचा जमाना

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. नांदेड हे जिल्ह्याचे ठिकाण होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. आजच्या लातूर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. म्हणजे आज ज्याला आपण 'लातूर-नांदेड पट्टा' म्हणतो, तो त्या वेळी तीन जिल्ह्यांत विभागलेला होता. मात्र कारभाराची भाषा आणि शाळेची भाषा सगळीकडे एकच होती.

ही भाषा मुळात उर्दू नव्हती. सालारजंग पहिले यांच्या हयातीपर्यंत संस्थानाचा कारभार फारसीत चाले. १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू आली. पुढे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि एका भारतीय भाषेतून विद्यापीठाचे शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला. वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी, विज्ञान हे सगळे उर्दूतून शिकवायचे ठरले. त्यासाठी १९१७ मध्ये 'दारुल-तर्जुमा' हे भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले होते. 'बाबा-ए-उर्दू' मौलवी अब्दुल हक यांनी त्याची सुरुवातीची जबाबदारी सांभाळली. याच अब्दुल हकांचे आयुष्यातले मोठे काम आपल्या औरंगाबादेत झाले, ही गोष्ट मराठवाड्यातल्या वाचकाने विसरू नये. शिक्षणखात्याचे नाजिम म्हणून सर सय्यद अहमदखान यांचे नातू रॉस मसूद याच काळात हैदराबादेत होते.

विद्यापीठ उर्दूत म्हटल्यावर हायस्कूलही उर्दूत असणे ओघाने आले. शाळांचे तीन दर्जे होते. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिकचा खालचा टप्पा आणि फौकानिया म्हणजे हायस्कूल. शिक्षक 'मुदर्रिस', मुख्याध्यापक 'सदर मुदर्रिस', वर्ग म्हणजे 'जमात' आणि परीक्षा म्हणजे 'इम्तेहान'. खालच्या वर्गांत मातृभाषेला काही वाव असे. वर चढत गेले की माध्यम उर्दू होई आणि मराठी राहिली तर एका विषयापुरती राही. रजिस्टरातल्या तारखा फसली सनाच्या असत. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. हे गणित ठाऊक नसल्यामुळे पुढे अनेकांच्या जन्मतारखांचे घोळ झाले.

या फौकानियात कोण बसत असे? नांदेडला मनमाड-हैदराबाद रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. पुढे उस्मानशाही मिल निघाली. कचेऱ्या, कोर्ट, पोलीस, रेल्वे यांमुळे नोकरदारांचा एक वर्ग तयार झाला होता. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे आली आणि गंज गोलाईभोवती अडत्यांची, व्यापाऱ्यांची पेठ वाढली. या अंमलदारांची, वकिलांची, देशमुख-देशपांड्यांची, मोठ्या व्यापाऱ्यांची मुले हायस्कुलात येत. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही होते. एकाच बाकावर बसून ते उर्दूत भूमिती शिकत आणि उर्दूत इतिहासाचे उत्तर लिहीत.

या शिक्षणातून एक वेगळ्या घडणीचा मराठी माणूस तयार झाला. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे त्याचे ठळक उदाहरण. मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन त्यांनी फारसी कागदपत्रांच्या आधाराने केले आणि उर्दू शायरीची ओळख मराठी वाचकाला करून दिली. अशी उर्दू जाणणाऱ्या मराठी लेखकांची, वकिलांची, कार्यकर्त्यांची आख्खी पिढी मराठवाड्यात होऊन गेली. तिच्या भाषेत उर्दूचा डौल होता आणि मनात उर्दूविषयी आकस नव्हता.

तथापि या चित्राची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संस्थानात उर्दू ही मातृभाषा असणारे लोक साधारण दहा-बारा टक्के. मराठी बोलणारे सुमारे पाव हिस्सा आणि तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास. ज्या मराठी शेतकऱ्याच्या घरात उर्दूचा एक शब्द बोलला जात नव्हता, त्याच्या मुलाला हायस्कुलात गणित शिकण्याआधी एक परकी लिपी शिकावी लागे. गावात तहतानियाच्या पलीकडे शाळा नाही, शहरात राहण्याची सोय नाही आणि वर भाषा अनोळखी. मग तो मुलगा रजिस्टरात 'दाखल' होण्याआधीच 'खारीज' होई.

या अडचणीतूनच खाजगी मराठी शाळा उभ्या राहिल्या. औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन, लातूरच्या बाजूला हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली, अंबाजोगाईत योगेश्वरी नूतन विद्यालय. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर यांनी हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन्ही ठिकाणी मुख्याध्यापक म्हणून काम केले. संस्थानच्या सरकारला या शाळांचा संशय होता. त्या शाळांतून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते घडले हे खरेच आहे. पण त्यामागची मूळ मागणी आपल्या भाषेत शिकण्याची होती आणि ती न्याय्य होती, हे मुस्लिम वाचकानेही मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. उर्दू माध्यमाचा फायदा 'मुसलमानांना' झाला असे सरसकट म्हटले जाते, ते वस्तुस्थितीला धरून नाही. इतवाऱ्यातला बागवान, खेड्यातला पिंजारी, आठवडी बाजारात तराजू धरणारा तांबोळी यांची मुले फौकानियात नव्हती. त्यांच्या घरात बोलली जाणारी भाषा ही दारुल-तर्जुमाची उर्दू नव्हती, दखनी होती. खेड्यातला मुसलमान तर शेजाऱ्यासारखीच मराठी बोलत होता. फौकानियाच्या दारात मराठा कुणबी आणि मुसलमान कारागीर दोघेही बाहेरच उभे होते. दोघांनाही आत येऊ न देणारी गोष्ट गरिबी होती. भाषेने ती भिंत आणखी उंच केली.

१९४८ : रजिस्टराचे कोरे पान

सप्टेंबर १९४८ चे पाच दिवस, १३ ते १७ तारीख, मराठवाड्याच्या इतिहासाचे दोन भाग करतात. त्याआधी रझाकारांनी जो धुमाकूळ घातला, त्यात खेडीच्या खेडी होरपळली. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील होता. त्याच्या राजकारणाला विरोध करणाऱ्या मुसलमानांचीही गय झाली नाही. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाखान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला, तो याच विरोधापायी.

पोलीस अ‍ॅक्शननंतर जे घडले ते मात्र पुष्कळ वर्षे बोलले गेले नाही. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून अहवाल दिला. तो कित्येक दशके शासनाने प्रसिद्ध केला नाही. त्या अहवालाच्या अंदाजाप्रमाणे पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. लातूरविषयी अहवाल सांगतो की तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले आणि बाकीचे जीव घेऊन पळाले होते. रझवी लातूरचा, म्हणून त्याच्या कृत्यांची किंमत लातूरच्या कच्छी व्यापाऱ्यापासून हमालापर्यंत सगळ्यांनी मोजली. हाच अहवाल हेही नोंदवतो की अनेक ठिकाणी हिंदूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, आणि काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिले.

आता हे शाळेच्या संदर्भात वाचून पाहावे. दहा हजारांतले सात हजार लोक गावात नाहीत, म्हणजे त्यांची मुलेही शाळेत नाहीत. त्या वर्षी किती नावांपुढे 'खारीज' हा शब्द पडला असेल आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले गेले असेल? 'गैरहजर', 'गाव सोडले', की काहीच नाही? दंगलीचे आकडे चौकशी अहवालांत राहतात. पण एखाद्या जमातीतली अमुक मुले अमुक महिन्यापासून परत आलीच नाहीत, हे फक्त हजेरीपट सांगू शकतो. नांदेड-लातूरच्या शाळांतील त्या एका वर्षाची रजिस्टरे जिथे शिल्लक असतील तिथे ती कोणी तरी शांतपणे, कोणावरही बोट न रोखता वाचली पाहिजेत.

तोच बाक, दुसरी भाषा

१९४८ नंतर काही वर्षांतच हायस्कुलाचे माध्यम पालटले. उस्मानिया विद्यापीठातली उर्दू गेली, तशी मराठी जिल्ह्यांतल्या हायस्कुलांतही मराठी आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. जी मागणी हिप्परग्याच्या शाळेने चाळीस वर्षांपूर्वी कृतीतून मांडली होती, ती पूर्ण झाली.

परंतु बाकावर बसलेल्या मुसलमान मुलासाठी परिस्थिती नेमकी उलटी झाली. काल मराठी मुलाच्या वाट्याला आलेले ओझे आज त्याच्या पाठीवर आले. घरी दखनी, मशिदीच्या मकतबात उर्दू लिपी, आणि शाळेत ग्रांथिक मराठी. शिक्षकांचेही तेच. वीस वर्षे उर्दूतून बीजगणित शिकवलेल्या माणसाला ते मराठीतून शिकवायचे होते. ज्यांना जमले ते टिकले, ज्यांना जमले नाही ते मागे पडले. शहरातल्या सुशिक्षित मुसलमानांपैकी अनेकांनी हैदराबाद किंवा कराची गाठली. त्यामुळे ज्या घरांत पुस्तके होती ती घरे रिकामी झाली आणि मागे उरले ते प्रामुख्याने कष्टकरी. फौकानियाच्या काळात शाळेबाहेर राहिलेला हा वर्ग आता प्रथमच मोठ्या संख्येने शाळेच्या दारात येत होता, आणि त्याच वेळी दारावरची पाटी बदलली होती.

तरीही हा समाज त्या दारातून आत गेला. यामागे एक कारण भाषेतच होते. शाळेतली मराठी त्याला वाटली तितकी परकी नव्हती. दाखला, हजेरी, कागद, शाई, दौत, तक्ता, रजा, मैदान, इमारत, शिपाई, कारकून हे शब्द मराठी शाळेच्या रोजच्या व्यवहारातले. ते सगळे फारसी-अरबीतून आलेले. उलट दखनीत आपण जो 'नक्को' म्हणतो, तो मराठीतला 'नको' आहे. दोन भाषा शेकडो वर्षे एकाच अंगणात वावरल्या होत्या. शाळेतल्या फळ्यापेक्षा त्यांची ओळख कितीतरी जुनी होती.

दुसरे कारण सरकारी शाळेचे स्वरूप. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये बहुउद्देशीय माध्यमिक शाळांची शिफारस केली. पुस्तकी विषयांबरोबर तांत्रिक, व्यापारी, शेतकी विषय शिकवावेत, म्हणजे कारागिराच्या मुलालाही शाळा आपली वाटेल, हा त्यामागचा विचार. नांदेडच्या वजिराबादेतल्या सरकारी हायस्कुलाला 'मल्टीपर्पज' हे नाव त्या योजनेने दिले. योजना केव्हाच मागे पडली, पण नांदेडकर त्या शाळेला आजही 'मल्टीपर्पज' म्हणतात. तिच्या मैदानावर सभाही होतात आणि शाळेत कधी न गेलेल्या माणसालाही त्या मैदानाचा पत्ता माहीत असतो.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि मराठवाड्यातली अशी सरकारी हायस्कुले त्यांच्याकडे गेली. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटले की खाजगी संस्थेचे, हे समीकरण आहे. मराठवाड्यात मात्र 'जि. प. प्रशाला' ही गोष्ट तालुक्या-तालुक्यात आहे. हा वारसा निजामी राजवटीचा आहे. तिथे हायस्कूल ही मुख्यतः सरकारची जबाबदारी मानली गेली होती. त्यामुळे मराठवाड्यातल्या गरीब मुलाला, तो मातंग असो, लमाण असो, मराठा असो की शेख-सय्यद असो, कुठल्या संस्थाचालकाच्या मर्जीवर अवलंबून न राहता दहावीपर्यंत जाण्याची एक वाट मिळाली. आपल्या समाजातले पहिल्या पिढीचे मॅट्रिक झालेले पुष्कळ लोक, म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, एस. टी.तले कंडक्टर, प्राथमिक शिक्षक, याच वाटेने आले.

याच काळात नांदेडात शिक्षणाची इतर केंद्रेही उभी राहिली. १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले. प्रतिभा निकेतन या शाळेत नरहर कुरुंदकर शिक्षक होते आणि पुढे ते पीपल्स कॉलेजात गेले. मुस्लिम प्रश्नावरच्या त्यांच्या मतांशी आपल्यापैकी अनेकांचे तीव्र मतभेद होते आणि आहेत. पण एक शाळामास्तर आपल्या वर्गात जगातल्या कुठल्याही विषयावर वाद घालतो आणि त्या वादात मुसलमान विद्यार्थीही सामील होऊ शकतो, असे वातावरण त्या नांदेडात होते. त्या वादांची भाषा मराठी होती, आणि म्हणूनच मुसलमान तरुणाला पुढे स्वतःचे उत्तरही मराठीत देता आले.

मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली पाहिजे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी डॉ. यू. म. पठाण पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. फ. म. शहाजिंदे यांच्यासारखा कवी लातूरच्या मातीतून आला. हे लेखक आकाशातून पडले नाहीत. मराठी शाळेत बसलेल्या, मराठीत निबंध लिहिलेल्या, वर्गात कधी टोमणे ऐकलेल्या आणि कधी शिक्षकाची शाबासकी मिळवलेल्या मुलांची ती पिढी होती. आज आपण ज्या भाषेत हा अंक वाचतो आहोत, ती आपल्याला घरातून जितकी मिळाली तितकीच अशा शाळांतून मिळाली.

जातीचा रकाना

रजिस्टरात एक रकाना असतो, 'धर्म व जात'. आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महागात पडलेला रकाना तो हाच.

मुलाला घेऊन वडील शाळेत जात. कारकून विचारी, 'जात?' वडील म्हणत, 'मुसलमान.' कारकून तेवढेच लिही. घराणे बागवानाचे असो, अत्ताराचे, मोमिनाचे, कुरेशीचे, मन्यारचे असो, रजिस्टरात सगळे 'मुसलमान'. इस्लाममध्ये जात नाही ही श्रद्धा, आणि जात सांगण्यात काही मिळण्यासारखे आहे याची कल्पना नसणे, ही दोन्ही कारणे त्यामागे होती. पुढे जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. १९९४ साली महाराष्ट्र शासनाने मुस्लिमांतल्या मागास जातींना ओबीसी सवलती मिळण्याचा मार्ग मोकळा करणारा निर्णय काढला. तेव्हा लोक दाखल्यांसाठी धावले आणि त्यांना कळले की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो पुरावा कुठे मिळणार? आजोबांच्या शाळेत. आणि शाळेच्या रकान्यात शब्द एकच.

काहींना त्याहून मागे, उर्दू रजिस्टरांत जावे लागले. तिथे दुसरी अडचण. कारकुनी उर्दू ही शिकस्ता वळणात, घाईघाईत लिहिलेली असे. तिच्यात नुक्ते सर्रास सुटतात. नुक्ता सुटला की ब, प, त, न यांच्यात फरक करणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. उर्दू लिपीत 'ळ' आणि 'ण' नाहीत, म्हणून 'काळे' हा 'काले' होतो आणि 'कुणबी' हा 'कुनबी' होतो. हीच गंमत मराठी रजिस्टरांत आपल्या नावांची झाली. मोहम्मद, महंमद, महमद, मो., म. ही एकाच माणसाच्या नावाची पाच रूपे एकाच शाळेत सापडू शकतात. मराठवाड्यात 'शेख अहमद शेख महेबूब' अशी बापाच्या नावाआधी पुन्हा 'शेख' लावण्याची रीत. दुसऱ्या प्रांतातल्या संगणकाला ती कळत नाही. वयाचा दाखला नसलेल्या मुलांना गुरुजींनी जूनची पहिली तारीख बहाल केली. आज आधार कार्ड, निवडणूक यादी, पासपोर्ट, शिष्यवृत्तीचा अर्ज या सगळ्यांत नाव आणि तारीख तंतोतंत जुळावी लागते. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या आणि साठ वर्षांपूर्वीच्या कारकुनांची अक्षरे आपल्या नातवंडांच्या वाटेत उभी राहतात.

म्हणजे मराठा समाजाला २०२३ मध्ये जो अनुभव आला, तो मुस्लिम ओबीसींना त्याच्या खूप आधीपासून येतो आहे. शाळेचे जुने रजिस्टर हा दोघांच्याही हक्काचा पाया आहे. ते एकत्र बसून वाचण्यासारखे आहे. उर्दू येणारा मुसलमान आणि मोडी येणारा मराठी माणूस एका टेबलाशी बसले, तर या मातीचा बराच इतिहास सापडेल आणि बराच गैरसमजही दूर होईल.

रिकामे होत चाललेले बाक

आता आजच्या दिवसाकडे येऊ. लातूर हे नाव आज महाराष्ट्रात 'लातूर पॅटर्न'मुळे घेतले जाते. गुणवत्ता यादीच्या काळात या शहरातल्या काही शाळा-महाविद्यालयांनी जे यश मिळवले त्यातून हा शब्द रूढ झाला, आणि पुढे डॉक्टर-इंजिनिअरच्या प्रवेशपरीक्षांचे शिकवणी वर्ग हा शहराचा मोठा व्यवसाय बनला. नांदेडही त्याच मार्गाने गेले. दोन्ही शहरांत परगावची मुले खोल्या घेऊन राहतात. या यशात परिश्रम आहेत, हे नाकारता येणार नाही. पण या सगळ्या धामधुमीत सरकारी हायस्कुलाचे बाक रिकामे होत गेले. ज्याला परवडते तो इंग्रजी माध्यमात गेला, ज्याला थोडे परवडते तो खाजगी अनुदानित शाळेत गेला. सरकारी शाळेत उरले ते ज्यांना दुसरा पर्याय नाही. आणि त्यांत आपल्या समाजाची मुले मोठ्या प्रमाणात आहेत. नांदेड शहरात मुस्लिम लोकसंख्या सुमारे एक तृतीयांश आहे. तेव्हा नांदेडची सरकारी शाळा कमकुवत झाली तर सर्वांत आधी कोणाचे नुकसान होते, हे वेगळे सांगायला नको.

सच्चर समितीने २००६ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या. देशातली ६ ते १४ वयोगटातली पंचवीस टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. आणि शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत जाणारी मुले केवळ तीन टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे आपल्या मुलांचे भवितव्य मदरशापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शाळेवर ठरते. असे असताना आपल्या बैठकांत माध्यमाचाच वाद जास्त रंगतो. उर्दू की मराठी की इंग्रजी? राज्यघटनेच्या ३५०-क या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा असे सांगितले आहे. उर्दू शाळा हा आपला हक्क आहे आणि मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेमुळेच पुष्कळ मुली शिकू शकल्या. मराठी शाळेने आपल्याला या राज्याच्या सार्वजनिक जीवनात जागा दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण माध्यम कुठलेही निवडा, ती शाळा स्वस्त, जवळची आणि सर्वांसाठी खुली नसेल तर गरिबाचा मुलगा पुन्हा फौकानियाच्या दाराबाहेरच उभा राहील.

म्हणून काही कामे आपण हाती घेण्यासारखी आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शासकीय शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्या सदस्यांत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. मशिदीच्या कमिटीच्या निवडीला जितकी माणसे जमतात, त्यांतली चौथा हिस्सा जरी या समितीच्या सभेला गेली, तरी वर्गात शिक्षक आहे की नाही, मुलींच्या शौचालयात पाणी आहे की नाही, हे विचारणारे कोणी तरी तिथे असेल. दुसरे काम रजिस्टरांचे. निवृत्त उर्दू शिक्षक आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शिकस्ता वाचणारी नजर दुर्मीळ होणार आहे. शाळेची आणि जिल्हा परिषदेची रीतसर परवानगी घेऊन त्यांनी जुन्या उर्दू नोंदींची मराठी नक्कल करून ठेवली, तर मराठा, मुसलमान, दलित, लिंगायत सगळ्यांच्या नातवंडांच्या उपयोगी पडेल. वाळवीला आणि पावसाच्या पाण्याला उर्दू-मराठी कळत नाही. कपाटातली पाने ती दोन्ही सारखीच खातात.

तिसरे काम साधे आहे. आपल्या घरातल्या जुन्या पेटीत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो काढावा. त्यावरचे शाळेचे नाव, सन, भाषा आणि 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना मुलांना वाचून दाखवावा. उर्दू येत नसेल तर मोहल्ल्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या मास्तरांकडे न्यावा. आणि मराठी येत नसलेली एखादी आजी घरात असेल, तर तिला त्याचा अर्थ मराठी शिकलेल्या नातीने सांगावा.